पासवर्डचोरा, लाज तुझी आहे

बमरोली, सुरत

पत्राच्या सुरुवातीला नमस्कार घालायची आमच्याकडे रीत आहे. तुला तो घालत नाही. तुझं नाव मला ठाऊक नाही, गाव ठाऊक नाही. आमच्या गल्लीतल्या एका घरात तू काय केलंस ते ठाऊक आहे, आणि तेवढं पुरे.

ज्याला तू लुटलंस तो नंदुरबारकडचा माणूस; त्याला आम्ही नाना म्हणतो. बारा तासांची रात्रपाळी लूमवर उभ्याने काढून तो सकाळी नुकताच आडवा झाला होता. तेव्हा तू फोन केलास. बँकेतून बोलतोय म्हणालास. केवायसी संपलंय, दुपारपर्यंत खातं बंद होईल, म्हणालास. त्याला विचार करायला सवड मिळू नये म्हणून फोन ठेवूच दिला नाहीस. व्हॉट्सअ‍ॅपवर एक फाइल पाठवलीस, तिच्यावर बँकेचं नाव होतं आणि शेवटी एपीके ही तीन अक्षरं. ती उघडताच फोनवर परवानगीची चौकट आली: या अ‍ॅपला एसएमएस वाचू द्यायचे का? तो अर्धवट झोपेत ‘हो’वर बोट ठेवून मोकळा झाला. त्या क्षणापासून त्याचे ओटीपी तुझ्याकडे यायला लागले. गावाकडच्या घरावर पावसाळ्याआधी नवे पत्रे टाकायला साठवलेले पैसे दुपारपर्यंत गेले.

तेवढ्यावर तुझं पोट भरलं नाही. व्हॉट्सअ‍ॅपचा सहा आकडी कोडही एसएमएसनेच येतो. तो वाचून तू त्याचं व्हॉट्सअ‍ॅप आपल्या फोनवर चालू केलंस आणि त्याच्या भाऊबंदांना हिंदीत लिहिलंस, ‘दवाखान्यात आहे, अर्जंट पैसे पाठवा.’ धरणगावला दिलेल्या त्याच्या पुतणीला तिथेच शंका आली. तिने घरच्यांना विचारलं, ‘नाना हिंदीमा काबर बोली राहिना?’ अहिराणीत जन्म काढलेला माणूस आजारपणात हिंदी कशाला बोलेल? तिने थेट फोन लावला आणि बाकीच्यांचे पैसे वाचले. तुझ्या सगळ्या तयारीवर त्या पोरीचा एक प्रश्न भारी पडला.

मला खरा राग आहे तो पुढच्या गोष्टीचा. पैसे गेल्याचं नानांनी आठवडाभर घरात कोणाला सांगितलं नाही. पाळीवर जात राहिले, डबा न खाता परत आणत राहिले. ‘माझीच अक्कल गेली’ हे त्यांनी मनाशी धरलं होतं. आणि तू जगतोस ते नेमकं यावरच. लुटलेला माणूस लाजेने गप्प बसला की तुला वेळ मिळतो, पैसा एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात सरकवायला. म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय. लाज वाटायला हवी ती तुला. दिवसा झोपणाऱ्या कामगाराला उठवून लुटण्यात कसलीही हुशारी नाही.

तुला हॅकर म्हणवून घ्यायची हौस असेल. पण तू कुलूप फोडत नाहीस, आमच्याच हाताने उघडून घेतोस. तुझी दुसरी रीत जुन्या चोरीवर चालते: कुठल्या तरी वेबसाइटवरून फुटलेल्या ईमेल-पासवर्डांच्या याद्या तुमच्या बाजारात विकत मिळतात. त्याच जोड्या जीमेलवर, फेसबुकवर, खरेदीच्या अ‍ॅपवर एकामागून एक लावून बघायचं काम सॉफ्टवेअर करतं. ज्याने सगळीकडे एकच पासवर्ड ठेवला आहे, त्याचं एक खातं उघडलं की सगळी खाती उघडली. 2009 मध्ये रॉकयू नावाच्या कंपनीतून 3 कोटींहून जास्त पासवर्ड फुटले, तेव्हा त्यांत सर्वांत जास्त वेळा 123456 सापडला होता. आजही तो तुझ्या यादीत पहिल्या ओळींत असणार, आणि त्याच्या खाली गावाचं नाव, पुढे 123.

आमच्या वस्तीतली आणखी एक गोष्ट तुला चांगली माहीत आहे. इथे निम्म्या लोकांनी आपलं जीमेल स्वतः उघडलेलंच नाही. नवा फोन घेताना दुकानातल्या पोराने उघडून दिलं, पासवर्डही त्यानेच ठरवला, बिलाच्या मागे लिहिला आणि बिल हरवलं. खातं परत मिळवायला जो नंबर दिलेला असतो तो जुन्या सिमचा. माणूस सुट्टीला गावी जातो, तिथे दुसरं सिम घेतो, पहिलं रिचार्जविना बंद पडतं. बंद पडलेला नंबर 90 दिवसांच्या मुदतीनंतर कंपनी दुसऱ्याला देऊ शकते. म्हणजे आपल्या खात्याची चावी कुणा अनोळखी माणसाच्या खिशात जाते आणि आपल्याला पत्ता नसतो. हा दोष कामगाराचा मी मानत नाही. फोन विकताना पाच मिनिटं बसून ग्राहकाला त्याचा पासवर्ड त्याच्या हाताने टाकायला लावणं दुकानदाराचं काम आहे.

तू एकटा नाहीस, हेही आम्हाला कळतं. 11 आणि 13 ऑगस्ट 2018 ला पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला करून 94 कोटींहून जास्त रक्कम लुटली गेली. बनावट कार्डं घेऊन 28 देशांतल्या एटीएमवर माणसं उभी होती, आपल्याकडे कोल्हापुरातही होती. एप्रिल 2023 मध्ये पुण्याच्या न्यायालयाने 11 जणांना दोषी ठरवलं. शिक्षा झाली ती इथे कार्डं घेऊन फिरणाऱ्यांना आणि त्यांना साथ देणाऱ्यांना. परदेशात बसून डाव रचणारे त्या खटल्यात नव्हते. तुझ्या धंद्याची ही रचनाच आहे, पुढे दुसऱ्याला ढकलायचं.

तेच तू आमच्या पोरांशी करतोस. बमरोली, पांडेसरा, उधना इथल्या बेकार पोरांना तू गाठतोस. ‘नुसतं खातं उघडून दे, एटीएम कार्ड आणि सिम आमच्याकडे, महिन्याला तुला पैसे.’ 2025 मध्ये उधना पोलिसांनी भाड्याच्या खात्यांचं मोठं जाळं उघडकीला आणलं, तेव्हा बँकेचे कर्मचारीही अटकेत गेले. खातं ज्याच्या नावावर, पोलीस पहिल्यांदा त्याच्या दारात येतात. नानांचा पैसा ज्या खात्यात गेला, तेही कुणा कामगाराच्याच पोराचं असेल. लुटलेला आमचा आणि अडकलेला पण आमचाच, हे तू घडवून आणलंस. याचा तळतळाट तुला लागल्याशिवाय राहणार नाही.

कायदा तुला कळावा म्हणून सांगतो. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000, याच्या कलम 66सी प्रमाणे दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणं आणि 66डी प्रमाणे संगणकाच्या साधनाने दुसरं कोणी असल्याचं भासवून फसवणं, दोन्हींना तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. फसवणुकीची कलमं वेगळी.

आता आम्ही काय करतोय तेही ऐक, लपवण्यासारखं त्यात काही नाही. कानबाईच्या रोटांच्या सणाला सगळे भाऊबंद जमतात, तेव्हा आमच्या चाळीतल्या कॉलेजच्या मुली एकेकाचा फोन हातात घेऊन बसल्या. ज्याचा फोन त्यानेच आकडे टाकायचे, मुलींनी फक्त दाखवायचं, असा त्यांचा नियम. व्हॉट्सअ‍ॅपला टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन लावला. तो पिन असला की नुसता एसएमएसचा कोड चोरून तुझं भागत नाही. जीमेलला नवा पासवर्ड दिला, चालू नंबर जोडला, कारण बाकी बरेचसे पासवर्ड ईमेलवरून बदलता येतात. पासवर्डात चार-पाच अहिराणी शब्द एकमेकांना जोडले. लांब पासवर्ड फोडायला जड जातो, आणि अहिराणी तुझ्या शब्दकोशात नसावी. म्हाताऱ्यांचे पासवर्ड वहीत लिहून पेटीत ठेवले. पासवर्ड लिहू नये असं सांगितलं जातं, ते चारचौघांच्या ऑफिसात ठीक. फोनच्या दुसऱ्या टोकाला बसून तुला आमची पेटी उघडता येत नाही. संचार साथीच्या सरकारी वेबसाइटवर आपल्या नावावर किती सिम आहेत तेही बघितलं, आणि एका काकूंच्या नावावर त्यांना माहीत नसलेलं सिम निघालं. ते बंद करायला लावलं.

आता शेवटचं तुझ्यासाठी नाही, हे पत्र वाचणाऱ्या माझ्या माणसांसाठी. दादा, ताई, कुणी फसला असाल तर आधी घरात बोला आणि लगेच 1930 ला फोन लावा. पैसा पुढे सरकण्याआधी ज्या खात्यात पोहोचला तिथेच गोठवता येतो, उशीर झाला की नाही. सोबत बँकेलाही कळवा. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या नियमाप्रमाणे, तुमची चूक नसताना बाहेरच्याने व्यवहार केला असेल आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर नुकसान तुमच्या माथी येत नाही. ओटीपी स्वतः सांगितला असेल, तरी कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेचं असतं. म्हणून चूक कोणाची हे ठरवत बसू नका, आधी फोन लावा.