पक्षीकाका

मीरा-भाईंदरच्या प्रत्येक मोठ्या सोसायटीत एक सेक्रेटरी, एक भांडखोर आणि एक पक्षीकाका असतो. पहिले दोघे बहुधा एकच असतात. तिसरा स्वयंभू.

अंगात असंख्य खिशांचं खाकी जाकीट. खिशांत रेल्वेचा पास, बीपीची गोळी, श्रीखंडाच्या गोळ्या. दुर्बीण कुठल्याच खिशात मावत नाही, म्हणून गळ्यात. एरवी माणूस शांत. नोव्हेंबर लागला की मात्र त्याला पंख फुटतात. 5 तारखेला मारुती चितमपल्लींचा जन्मदिन, 12 ला सालिम अलींचा. मधले दिवस सरकारनेच पक्षी सप्ताह म्हणून जाहीर केलेले. मग सोसायटीच्या ग्रुपवर रात्री अकराला फर्मान येतं : ‘उद्या पहाटे बोरिवली नॅशनल पार्क. सहकुटुंब. भडक कपडे नकोत. अत्तर नको. बोलणं नको.’

मीरा रोडहून बोरिवली दुसरं स्टेशन. तरी काका प्रत्येकाच्या पाठीवर दोन लिटर पाणी लादतात.

शिलोंड्याच्या वाटेला लागलं की खरे काका दिसतात. “शूऽऽऽ! कोणी आवाज करायचा नाही!” असं ते अशा काही आवाजात सांगतात की झुडपातले सातभाई सहपरिवार उडून जातात. बरोबरच्या मार्गदर्शक पोराला ते अधूनमधून मार्गदर्शन करतात. ते पोरगंही सोशिक. त्याला दर रविवारी एक काका मिळतच असणार.

मग तो क्षण येतो. “ते सावरीचं झाड. तिसरी फांदी. तिथून डावीकडे, फाट्याच्या वर. दिसला?” कुणालाही काहीही दिसत नाही. पण भल्या पहाटे उठून आलेला माणूस ‘नाही’ कसा म्हणेल? “हो हो, दिसला!” जोशीकाकू म्हणतात. “शेपटी काय सुरेख आहे!” त्यांचे यजमान भर घालतात. तेवढ्यात वारा येतो आणि तो पक्षी गळून खाली पडतो. वाळकं पान असतं. काका न डगमगता सांगतात, “पक्षी मागे होता.”

साध्या पक्ष्यांना त्यांच्या लेखी किंमत नाही. घार? दयाळ? वेडा राघू? “त्यात काय!” त्यांना हवा असतो लाइफर, म्हणजे जन्मात पहिल्यांदा दिसलेला पक्षी. हे जंगल साधारण 104 चौरस किलोमीटरचं, त्यात अडीचशेहून जास्त जातींचे पक्षी. पण काकांच्या वहीत नसलेला नेमका येत नाही. पोरं मात्र एव्हाना माकडं, कोळ्याचं जाळं आणि वारूळ बघून तृप्त झालेली असतात. आज्या चिवड्याचा डबा उघडतात. सहलीतला तेवढाच प्रकार सगळ्यांना एकदम दिसतो.

काकांचा खरा जीव मात्र घराजवळच्या मिठागरांवर. हिवाळ्यात तिथे गुलाबी काटकुळ्या पायांचे शेकाटे उतरतात, दूर उत्तरेतून तुतवार येतात. काकांच्या चौदाव्या मजल्यावरच्या खिडकीतून हे सगळं दिसायचं. मग समोर टॉवर आला. तेव्हापासून काका महापालिकेला पत्रं लिहितात : पाणथळ जागा, अधिवास, ऱ्हास. पत्र अगदी खरं असतं, हे मान्य करायलाच हवं. फक्त त्यांच्या हिशोबाने हा ऱ्हास त्यांना फ्लॅटचा ताबा मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी सुरू झाला. त्याआधी बिल्डर सज्जन होते आणि जमीन मोकळीच पडली होती.

आणि याच पक्षीप्रेमी गृहस्थांनी सोसायटीच्या सभेत कबुतरांविरुद्ध ठराव मांडला. बाल्कन्यांना जाळ्या, खिडक्यांच्या छज्ज्यांवर खिळे. आक्षेप निघाला तेव्हा त्यांनी शास्त्रीय मत दिलं : “कबूतर हा पक्षी नव्हे, उपद्रव आहे.” ठराव एकमताने पास.

पण महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल म्हणजे हिरवं कबूतरच. त्यासाठी हेच काका वडा-उंबराखाली मान वर करून तासन्‌तास उभे राहतात. जोशीकाकूंच्या नातवाने ते पुस्तकात वाचलं आणि लिफ्टमध्ये काकांना गाठलं.

“काका, हरियाल तुमच्या बाल्कनीत आला तर?”

काकांनी तीन मजले विचार केला.

“जाळीच्या बाहेर बसू दे,” ते म्हणाले. “उजेड तिकडूनच चांगला येतो.”