घासूनपुसून

नागपूरच्या नंदनवनात केडीके कॉलेजच्या आसपासच्या कोणत्याही गल्लीत शिरा, गेटशी पाटावर बसून काहीतरी घासणारे एक काका दिसतीलच. ते निवृत्त असतात. कशातून, ते विचारू नये, उत्तर लांबतं. अंगात बनियान, खिडकीतला कूलर ओढून अंगणात आणलेला आणि बोटावर टूथपेस्ट. तीही पांढरीच. "जेल नुसती घसरते बापू. पांढऱ्यात चुन्याची बारीक पूड असते, ते घासते." जेलमध्येही सिलिका असते, हे सांगून पाहायला हरकत नाही, काका ऐकून घेतात आणि पांढरीच लावतात. काकूंनी स्वतःची ट्यूब पिठाच्या डब्यात लपवलेली असते.

गिऱ्हाइकांत पहिला मान लग्नाच्या सीडीचा. २००० नंतरची काही वर्षं आपल्याकडची लग्नं याच चकत्यांवर जपली गेली, आणि आता ती सगळी मंगलाष्टकांपाशी अडकतात. काका चकती ट्यूबलाइटसमोर धरतात. उजेडाचा ठिपका आरपार दिसला की, "गेली, वहिनी." कारण लग्न चकचकीत बाजूला नसतं, ते छापील बाजूच्या लगेच खाली, लाखेच्या पातळ थराआड असतं. तिथं खरवडलं की कोणतीच पेस्ट कामाची नाही. खालच्या बाजूला मात्र सव्वा मिलिमीटरच्या आतबाहेर पॉलिकार्बोनेटची जाडी असते. ओरखडा तिथला असेल तर लेझरचा किरण त्याच्या कडांवर भरकटतो. कडा घासून सपाट केल्या की सरळ जातो.

घासायचं मधून काठाकडे. एखादं पोट्टं गोल गोल पुसताना दिसलं की काका कळवळतात. "काहून बे, चाक आहे का ते?" इथं काका शंभर टक्के बरोबर आहेत. सीडीवर माहितीच्या खुणा चक्राकार ओळीत असतात. आडव्या ओरखड्यानं प्रत्येक ओळीतलं थोडंच जातं, आणि तेवढं भरून काढायचं गणित १९८२ साली सीडी बाजारात आणतानाच सोनी आणि फिलिप्स यांनी तिच्यात घालून ठेवलं होतं. अडीच मिलिमीटरपर्यंतची सलग खोट ते निमूट सांभाळून घेतं. ओळीबरोबर धावणारा ओरखडा त्याच्या आवाक्याबाहेर जातो.

मग तपासणी. डीव्हीडी प्लेअर गल्लीत फक्त काकांकडे उरलाय, त्यामुळे सगळ्यांच्या वराती त्यांनी पाहिल्यात. पण नवरी कशी होती विचारलं तर म्हणतील, "सप्तपदीपर्यंत मस्त चालली, जेवणात थोडी थांबली."

काचेपुढे मात्र त्यांचं चालत नाही, आणि ते त्यांना मान्य नाही. मोबाइलच्या काचेवरचा ओरखडा पेस्टनं हलत नाही. बोटांचे डाग न धरणारा लेप तेवढा निघून जातो. शेजारच्या गुरुजींच्या चष्म्याचं अँटिग्लेअर काकांनी असंच काढून दिलं. गुरुजी हल्ली जगनाडे चौकात वळसा घालून घरी जातात.

काकांचं खरं तेज दिसतं ते गाडीच्या दिव्यांवर. नागपूरचं ऊन मे महिन्यात पंचेचाळिशी सहज ओलांडतं. ते आधी दिव्यावरचा कंपनीचा संरक्षक लेप खातं, मग खालचं प्लॅस्टिक पिवळं, धुरकट होतं. काका पाणी मारत आठशेचा पॉलिश पेपर फिरवतात, मग हजाराचा, मग दोन हजाराचा. सुरुवातीला दिवा आणखीच पांढराफटक होतो, मालकाचा चेहराही. नेमके याच क्षणी काका चहाला उठतात. मालक अर्धवट सोडून पळू शकत नाही. तो बसतो, आणि काकांची नोकरी पहिल्या दिवसापासून ऐकतो. त्यानंतर कंपाउंड लावलं की दिवा लख्ख.

शेवटी ऊन अडवणारा नवा लेप मारायचा असतो, नाहीतर काही महिन्यांत पुन्हा पिवळेपणा येतो. काकांना हे पक्कं ठाऊक आहे. लेपाची बाटलीही कपाटात आहे, सील न फोडलेली. पैसे ते कुणाकडूनच घेत नाहीत. पण दिवा कायमचा चांगला झाला तर माणूस परत कशाला येईल?

परवा समोरच्या घरी मुलगी पाहायला उमरेडहून मंडळी आली. वडीलधारे म्हणून काकांना बैठकीत बोलावलं होतं. पोहे आले, काका नाहीत. ते बाहेर पाहुण्यांच्या गाडीसमोर उकिडवे बसलेले, शेजारी मुलाचे वडील पाण्याचा मग धरून. आत हुंड्याचा, पत्रिकेचा विषय काढायला कुणी कर्तं माणूसच उरलं नाही. मुलगा-मुलगी निवांत बोलत बसले. अंधार पडला, निरोप घ्यायची वेळ झाली, तेव्हा डावा दिवा आरशासारखा आणि उजवा तसाच हळदीच्या रंगाचा.

पसंती कळवायला फोन चालला असता. पण उजवा दिवा राहिला होता, म्हणून मंडळी पुढच्या रविवारी पुन्हा आली.