बसतंय की, साहेब!

गाडीची चाकं गाडीवाल्याची नसतातच. हप्ते त्याचे, पंक्चर त्याचं, हवा त्यानं भरायची. पण ती बघायला मिळतात बाकी सगळ्या जगाला. स्टिअरिंगमागे बसलेल्याला दिसतं बॉनेट, आरशातला टेंपो आणि पुढच्या रिक्षावर लिहिलेलं 'आईचा आशीर्वाद'. आपली चाकं चालताना बघायची तर गाडी दुसऱ्याच्या हाती देऊन फुटपाथवर उभं राहावं लागतं, आणि गाडी दुसऱ्याच्या हाती द्यायची माझी तयारी नाही. एवढी साधी गोष्ट वेळेवर सुचली असती, तर आज आमच्या गॅलरीत दोन खुर्च्या टाकून चहा पिता आला असता.

गाडी म्हणजे पोलो जीटी टीएसआय. चाकणच्या कारखान्यातली, 2013 सालची, मी सेकंडहँड घेतलेली. बाराशे सीसीचं टर्बो इंजिन, सात गिअरचा ऑटोमॅटिक, 105 अश्वशक्ती. शून्यापासून शंभरपर्यंत 9.7 सेकंदांत, असा कंपनीचा दावा होता. तो खराही असेल. फक्त ते 9.7 सेकंद सुरू व्हायच्या आधी कात्रजच्या पलीकडे पोचायला चाळीस मिनिटं लागतात. जर्मनीत असल्या आकड्यांच्या गाडीतून आज्ज्या भाजी आणत असतील. आमच्या सोसायटीत मात्र ती 'फास्ट गाडी' आहे. वॉचमन गेट उघडताना एक पाऊल मागे सरतो, यातच सगळं आलं.

खटकत होती ती चाकं. पंधरा इंची. कडक इस्त्रीचा झब्बा, खांद्यावर जरीकाठी उपरणं आणि पायात बाथरूमची स्लिपर, तसं काहीतरी दिसायचं. मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये इतकी मोकळी जागा की मांजर बसावं. (बसायचंच. काळं होतं.)

"चाकं बदलावीत म्हणतो," मी एका रविवारी चहा घेताना विषय काढला.

"टायर गेले का?" बायको म्हणाली.

"टायर नाही. चाकं. मॅगव्हील."

"मग आत्ता आहेत ती कसली आहेत?"

"तीही मॅगव्हीलच आहेत."

तिनं कप खाली ठेवला. "अहो, मग या चारांचं काय करायचं?"

मी बरंच वाचून बसलो होतो, पण या प्रश्नाची तयारी केली नव्हती. चार चाकं विकत घेतली की घरात आठ होतात, हे गणित कोणत्याही तक्त्यात दिलेलं नसतं.

जाता जाता, मॅगव्हील हे नावही मोठं मजेशीर आहे. एके काळी शर्यतीच्या गाड्यांना मॅग्नेशियमची चाकं असत, त्यावरून ते पडलं. आपण घेतो ती अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची. त्यात मॅग्नेशियम असतं, पण वरणातल्या हिंगाएवढं. नाव मात्र त्याचंच चालतं.

अभ्यासाला माझा पुतण्या मदतीला आला. तो भोसरीला डायमेकिंगमध्ये आहे आणि मायक्रॉनच्या वर बोलत नाही. त्यानं वहीत वर्तुळ काढलं. "काका, पाच बोल्टच्या मध्यांमधून असं वर्तुळ जातं. त्याचा व्यास म्हणजे पीसीडी. तुझा शंभर मिलिमीटर. पाच होल, शंभर. नव्व्याण्णव नाही, एकशे एक नाही." मग मधलं भोक. ते हबवर चपखल बसायला हवं, 57.1 मिलिमीटर. बाजारातली चाकं पुष्कळ गाड्यांना चालावीत म्हणून त्यांचं भोक मुद्दाम मोठं ठेवतात, कित्येकदा 73.1. मग चारी बाजूंनी आठ-आठ मिलिमीटरची फट राहते आणि ती भरायला एक रिंग घालावी लागते. बांगडीच म्हणा.

आणि ऑफसेट. चाकाच्या रुंदीची मधली रेषा आणि हबला टेकणारी बाजू, यांच्यातलं अंतर. त्याला ईटी म्हणतात, कारण मूळ जर्मन शब्द 'आइनप्रेसटीफं' असा आहे आणि तो म्हणेपर्यंत सिग्नल सुटतो. "तुझ्या गाडीचा चाळीसच्या आसपास आहे," पुतण्या म्हणाला. "आकडा चाळीसच्या खाली गेला की चाक बाहेर यायला लागतं आणि मडगार्डला घासतं." मी खाली वाकून स्वतःकडे पाहिलं. आमचं प्रकरण उलटं होतं. आकडा चाळीसच्या वर गेला आणि बाहेर यायला सुरुवात झाली.

पण खरा धडा वजनाचा. पाठीवर पाच किलो तांदूळ घेऊन चालणं वेगळं आणि भाताच्या खाचरातून चपलांना पाच किलो चिखल लागून चालणं वेगळं. तांदूळ फक्त वाहायचा असतो. चिखल दर पावलाला उचलायचा, आपटायचा, पुन्हा उचलायचा. चाकाचं वजन हे चिखलाचं वजन. ते स्प्रिंगच्या खाली असतं, म्हणून प्रत्येक खड्ड्यात उसळतं. ते फिरतं, म्हणून इंजिनाला आधी त्याला गरगरवावं लागतं, गाडी त्याच्यानंतर. म्हणूनच शर्यतवाले ग्रॅमसाठी भांडतात. रेज या जपानी कंपनीनं 1996 मध्ये टीई 37 नावाचं घडीव चाक काढलं. त्यातला 37 म्हणजे पंधरा इंची चाकाचं वजन, 3.7 किलो. आमच्याकडे कुकर याहून जड आहे.

तेव्हा निर्णय झाला. सोळा इंची, हलकं, साधं, पाच काड्यांचं. तीन महिन्यांच्या अभ्यासाचं सार मी एका कागदावर लिहून खिशात ठेवलं आणि बाजारात उतरलो.

बाजाराचं पदार्थविज्ञान वेगळं आहे. तिथे एकच नियम चालतो, 'बसतंय की, साहेब.'

"पाच होल शंभर आहे?"

"चार होल आहे. पण बसतंय की, साहेब."

चार होलचं शंभर बहुतेक भिंतींवर भरून राहिलेलं असतं, कारण स्विफ्ट, आय-ट्वेंटी, होंडा सिटी अशा घराघरांतल्या गाड्या त्याच मापाच्या. पाच होलमध्ये गेलं की 112 पुढे येतं. ऑक्टाव्हियावाले घेऊन जातात. चिंचवडच्या एका दुकानात तर दहा भोकांचं चाक निघालं. एका मापाची पाच आणि त्यांच्यामध्ये दुसऱ्या मापाची पाच. इडलीपात्रासारखं दिसत होतं. "मधलं भोक किती?" असं विचारल्यावर दुकानदारानं त्यात चार बोटं घालून दाखवली. मापं विचारणारं गिऱ्हाईक त्याला बहुधा आवडत नसावं. आपल्याकडे गणपती बसवतात, घडी बसवतात, दातसुद्धा बसवतात. चाकही बसवायचीच गोष्ट, त्यात मोजायचं काय?

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरही एक फेरी झाली. तिथे माझं टीई 37 भिंतीवर टांगलेलं दिसलं आणि छातीत धडधडलं.

"हे जपानी?"

"डिझाइन जपानी."

"आणि चाक?"

"चाक पण चांगलं आहे."

यापुढे काही विचारलं नाही. खऱ्या सेटची किंमत मी आधीच काढून ठेवली होती. ती आणि इन्शुरन्सच्या कागदावरची माझ्या गाडीची किंमत यांच्यात भावंडं शोभावीत एवढंच अंतर होतं. गंमत म्हणजे एनकेई ही जपानच्या हमामात्सूची, 1950 पासूनची चाकांची नावाजलेली कंपनी. तिचा कारखाना शिक्रापूरला आहे. दर वेळी रांजणगावच्या गणपतीला जाताना मी त्या बाजूनं गेलो असेन आणि डोक्यात जपान असेल.

शेवटी आमच्याच भागातल्या टायरवाल्याकडे आलो. कागद खिशातच होता. मी सोळा इंची मागणार, एवढ्यात भिंतीवरच्या तिसऱ्या खुंटीवर सतरा इंची दिसलं. गनमेटल रंग. दहा बारीक काड्या, दोन-दोनच्या जोडीनं कडेपर्यंत गेलेल्या, आणि कडेला सुरीच्या पात्याएवढी चकाकती रेघ. पाच होल शंभर. ईटी चाळीस. मी कागद चाचपला, पण बाहेर काढला नाही.

"वजन किती याचं?" अभ्यासाशी इमान म्हणून विचारलं.

"हलकंय की, साहेब."

शेजारी भंगारचं दुकान होतं. पोऱ्यानं माझं एक जुनं चाक टायर काढून मोकळं केलं होतं. ते आणि नवं अशी दोन्ही घेऊन आम्ही तिकडे गेलो. भंगारवाल्यानं दोन्ही चाकं आकड्याला अडकवून काट्यावर घेतली. जुनं 8 किलो 300. नवं 10 किलो 600. त्यानं नख मारून धातू तपासला आणि मला किलोचा भाव सांगितला. मी म्हटलं, विकायची नाहीत, हे नवीन घेतोय. तो काही बोलला नाही, पण माझ्याकडे बघून त्यानं काटा शून्यावर आणून ठेवला.

म्हणजे गाडीचा वेग वाढावा म्हणून निघालेला माणूस दर पायाला सव्वादोन किलो चिखल बांधून घेत होता, आणि तेही लेखी पुरावा हातात असताना. घेतली. टायरसकट ऐंशी हजारांच्या वर गेले. परीक्षेला तीन महिने इतिहास पाठ करून ऐन वेळी भूगोलाच्या पेपरला जाऊन बसावं आणि वर हसत बाहेर यावं, तसा प्रकार.

बसवताना मात्र पुतण्याचं शिक्षण कामी आलं. फोक्सवागनला नट नसतात, बोल्ट असतात, आणि कंपनीच्या बोल्टचं टेकणारं बूड गोल असतं, बोरासारखं. बाजारातल्या बहुतेक चाकांची खोबण निमुळती असते, नरसाळ्यासारखी. नरसाळ्यात बोर टाकलं तर ते नुसतं एका रेषेवर टेकतं. घट्ट वाटतं, पण असतं कडेवर. पोऱ्या जुनेच बोल्ट गनवर लावायला निघाला होता. मी आडवा पडलो. तासाभरानं कुठूनतरी निमुळते बोल्ट आले. मग म्हटलं, टॉर्क पाना आहे का, 120 न्यूटन मीटर लावायचाय. पोऱ्यानं मालकाकडे पाहिलं, मालकानं माझ्याकडे. पोऱ्या पान्यावर दोन्ही पायांनी उभा राहिला, एकदा हलकेच उडी मारली आणि म्हणाला, "झाला." त्याचं वजन साधारण पन्नास किलो, पाना साधारण दीड फुटी, मी मनात गुणाकार केला आणि त्या पोराला खाली उतरायला सांगितलं.

एवढं करून बांगडी राहिलीच. ऐंशीपर्यंत गाडी लोण्यासारखी, नव्वदला ट्रेमधले टोलचे सुटे पैसे नाचायला लागले, शंभरला माझा चष्मा. बॅलन्सिंग दोनदा झालं, चाकाच्या आतल्या बाजूला वजनांची नक्षी झाली, तरी नाच थांबेना. फट तशीच होती. पुतण्यानं शेवटी कारखान्यात चार रिंगा लेथवर काढल्या, 73.1 बाय 57.1, आणि नवसाचे पेढे आणावेत तशा डब्यात घालून आणल्या. नाच थांबला.

मग आले सुखाचे दिवस. सुख म्हणजे काय, तर काचेच्या दर्शनी भागाची दुकानं. मला शहरातले सगळे कपड्यांचे शोरूम पाठ झाले. तिथे गाडी हळू करायची, मान डावीकडे वळवायची आणि काचेत आपलं चाक फिरताना बघायचं. मागून हॉर्न वाजायचे. बायको म्हणाली, "इतक्या साड्या बघताय, एखादी घेऊन तरी टाका."

कायद्याचीही बाजू होती, ती मी नंतर वाचली. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे गाडीत कंपनीनं दिलेल्या तपशिलाला सोडून फेरफार करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी 2019 च्या एका निकालात ते ठणकावून सांगितलं. इन्शुरन्सवाल्याला बदल कळवावा लागतो तो वेगळाच. हे वाचल्यापासून प्रत्येक चौकात हवालदाराची नजर माझ्या दहा काड्याच मोजते आहे, असं वाटायचं. वास्तविक तो पीयूसी बघत असे.

जुलै आला. आधीच्या टायरची भिंत 185 मिलिमीटर रुंदीच्या साठ टक्के, म्हणजे 111 मिलिमीटर. नवी 205 च्या पंचेचाळीस टक्के, म्हणजे 92. जे एकोणीस मिलिमीटर मी सौंदर्यापायी सोडले, तेवढेच पुण्याच्या पावसाला हवे होते. रात्री नऊची वेळ, पाण्यानं भरलेला खड्डा, रस्ता सपाट दिसतोय, आणि मग खाडकन असा आवाज, जो कानाला नाही तर पाकिटाला ऐकू येतो. उतरून मोबाइलच्या उजेडात पाहिलं. टायरच्या कडेला लिंबाएवढा फुगा आणि चकाकत्या रेघेला बोटभर पोचा.

डिकीतली स्टेपनी पंधरा इंची. एका कोपऱ्यावर स्लिपर आणि तीन कोपऱ्यांवर मोजड्या अशा थाटात घरी आलो.

टायरवाल्यानं चाक फिरवून पाहिलं. "सरळ होतंय की, साहेब. गरम करून दाबतो." धातू गरम केला की त्याची ताकद कुठे जाते, ते पुतण्यानं वहीत काढून दाखवलं होतं. मी म्हटलं, राहू दे.

जर्मनीत गाडीवाल्यांकडे चाकांचे दोन संच असतात. थंडीचे टायर ऑक्टोबरपासून ईस्टरपर्यंत, बाकी वर्ष उन्हाळ्याचे. ही पद्धत मी घरी समजावून सांगितली. आपणही तसंच करायचं, मृगापासून दसऱ्यापर्यंत जुनी पंधरा इंची, दसऱ्याला पूजा करून पुन्हा नवी. गाडी जर्मन आहे, तिला कळेल.

"दसरा कोणत्या वर्षीचा?" बायकोनं विचारलं.

चारही चाकं गॅलरीत एकावर एक रचली. वरच्या चाकाची दर्शनी बाजू आकाशाकडे, म्हणजे निदान आता ती दिसतात. गाडीला लावली होती तेव्हा एवढी कधी दिसली नव्हती. सकाळी ऊन आलं की गनमेटलवर जांभळट झाक येते, दहा काड्यांच्या सावल्या खालच्या चाकात पडतात. मी कपडे वाळत घालायचं काम आपणहून अंगावर घेतलं आहे.

परवा घरी आलो तर वरच्या चाकावर ओव्याची कुंडी होती. छोटी, प्लॅस्टिकची, खाली निमुळती होत गेलेली. मी हलवून पाहिली. हलेना. बरोबर मधल्या भोकात उतरून घट्ट बसली होती, कुठे फट म्हणून नाही, रिंगसुद्धा लागलेली नाही.

"मोजून आणलीस का?" मी विचारलं.

"मोजायचं काय त्यात?" ती आतून म्हणाली.