सीताफळाचं ब्यूटी पार्लर

बीड जिल्ह्यातल्या कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीचं दर्शन घेऊन, धबधबा पाहून परतताना बालाघाटाच्या डोंगरातली सीताफळं घ्यायची, एवढाच आमचा बेत असायचा. आता मोबाइल सांगतो की हे फळ नव्हे, औषधालय आहे. गर तोंडाला फासा, कांती उजळते. केसांना लावा, टक्कल हिरवं होतं. बालाघाटातली शेळीही हे ऐकून हसेल, कारण बीडच्या सीताफळाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं ते चवीबद्दल, चेहऱ्याबद्दल नाही.

तसं फळ गुणीच. शंभर ग्रॅम गरात साधारण 36 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आणि बऱ्यापैकी तंतू असतात. साखरही असते, पण तिचं नाव निघालं की मोबाइलची रेंज जाते. नाव सीतामाईचं, मूळ मात्र उष्ण अमेरिकेतलं. इथल्या खडकाळ माळावर ते इतकं रुजलं की आता कोणी आधार कार्ड मागत नाही.

केसांपुरता एक गुण मात्र खरा: बियांच्या भुकटीने उवा मरतात. ती डोळ्यांत गेली तर इजा होते, हे सांगायला सौंदर्यतज्ज्ञ विसरतात. आमची आजी विसरत नसे. ती गर आम्हाला द्यायची आणि बिया मोजून परत घ्यायची.