निळ्यातून बाहेर पडण्याचा शास्त्रोक्त विधी

गोंदिया शहराला खेटून असलेल्या फुलचूरमध्ये सरकारी केंद्रावर धान विकायचं तर आधी सातबारा काढावा लागतो, आणि सातबारा काढायचा तर ‘ऑनलाइनवाल्या’कडे जावं लागतं. पंधरा रुपयांच्या डिजिटल सातबाऱ्याची शॉर्टकट फाइल अशा कुठल्याही दुकानात डेस्कटॉपवर सापडेल. पासवर्ड साठवलेला क्रोममध्ये आणि फाइल उघडणार निळ्या एजमध्ये! “भाऊ, हे निळ्यातच उघडते ना!” असं गिऱ्हाईक म्हणालं, की पुढील विधीचा मुहूर्त आला असे समजावे.

साधकाने पूर्वाभिमुख बसावे, म्हणजे स्क्रीन आपोआप पश्चिमाभिमुख होतो. लाइन आहे का, ते पाहावे.

नवशिका साधक प्रथम फाइलचं नाव बदलतो, मग प्रॉपर्टीजमध्ये जाऊन तिला क्रोमचं चित्र चिकटवतो. हा उपचार दिसायला प्रसन्न असतो. फाइल मात्र निळ्यातच उघडते. कारण तीच फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर आत फक्त साइटचा पत्ता आणि फार तर चित्राचा ठावठिकाणा निघतो. रिक्षावाल्याच्या हाती पत्त्याची चिठ्ठी द्यावी, तसंच हे. कुठल्या रिक्षेनं जायचं, ते चिठ्ठीवर लिहिलेलं नसतं.

रिक्षा ठरते विंडोजच्या सेटिंग्जमध्ये. तिथे ‘अॅप्स’, मग ‘डीफॉल्ट अॅप्स’, मग क्रोम, आणि वरचं ‘सेट डीफॉल्ट’ हे बटण दाबावे. विंडोज ११ आली तेव्हा, २०२१ साली, हे बटण नव्हतं. एचटीटीपी, एचटीटीपीएस, एचटीएम, एचटीएमएल अशा एकेका देवतेला वेगळा नैवेद्य दाखवावा लागे आणि मध्येच ‘जाण्याआधी एज वापरून तर पाहा’ अशी गळ घातली जाई. बरीच ओरड झाल्यावर मार्च २०२२ मध्ये एका बटणाची सोय झाली.

इतकं करूनही एखादी फाइल दाद देत नसेल, तर तिची जात तपासावी. विंडोज हिचं शेपूट, म्हणजे ‘डॉट यूआरएल’, एरवीही लपवूनच ठेवते. त्यामुळे उजवी टिचकी मारून प्रॉपर्टीज उघडावे. ‘वेब डॉक्युमेंट’ असा टॅब दिसला तर ती वर सांगितलेली चिठ्ठी. ‘शॉर्टकट’ टॅब आणि ‘टार्गेट’चा रकाना दिसला तर प्रकरण निराळं. क्रोमच्या मेनूतून ‘क्रिएट शॉर्टकट’ करून बनवलेली फाइल याच जातीची. ती डीफॉल्टला न जुमानता क्रोमच्याच दारी जाते.

हा हट्टीपणा उपयोगीही पडतो. सरकारी कामाच्या काही जुन्या साइट्स इंटरनेट एक्सप्लोररशिवाय हलत नसत. १५ जून २०२२ रोजी मायक्रोसॉफ्टनं एक्सप्लोररला निवृत्त केलं, पण त्याचा आत्मा एजच्या ‘आयई मोड’मध्ये ठेवला. अशा साइटपुरती एज हवी आणि बाकी सगळं क्रोममध्ये, असा संसार असेल तर डेस्कटॉपवर नवा शॉर्टकट करून त्यात आधी एजच्या प्रोग्रामचा पूर्ण मार्ग अवतरणचिन्हांत, मग एक जागा सोडून साइटचा पत्ता लिहावा. आयई मोड मात्र एजच्या सेटिंग्जमध्ये जाऊन वेगळा चालू करावा लागतो.

आणि सातबाऱ्याची चिठ्ठी पेनड्राइव्हवर घालून भाचीच्या कॉम्प्युटरवर नेली, तर ती तिथल्या डीफॉल्टमध्ये उघडेल. भाचीनं फायरफॉक्स ठेवला असेल तर फायरफॉक्समध्ये. पासवर्ड तिथे नसेलच. तो पाठ असावा.