हरण्याच्या बावीस जागा

सोसायटीच्या वार्षिक सभेत कुणीतरी विचारतं, "टाकी धुण्याचं बिल दुप्पट कसं झालं?" सेक्रेटरी चष्मा पुसत म्हणतात, "तुम्ही खजिनदार होतात तेव्हा रंगकामाचं बिल किती फुगलं होतं, ते सांगू का?" सभा खूश. टाकीचा विषय संपला.

तर्क आणि वादाच्या प्राचीन ग्रंथात, गौतमाच्या न्यायसूत्रांत, या डावाला मतानुज्ञा असं नाव आहे. आपल्यावरचा आरोप खोडायचा नाही, तोच समोरच्यावर टाकायचा. न खोडणं म्हणजे कबुलीच, म्हणून शास्त्राप्रमाणे सेक्रेटरी हरले. सेक्रेटरींना हे अजून कुणी कळवलेलं नाही.

वाद हरण्याच्या अशा 22 जागा, म्हणजे निग्रहस्थानं, गौतमाने मांडून ठेवल्या आहेत. विक्षेप त्यातलाच: उत्तर सुचेनासं झालं की कामाचं निमित्त काढून उठायचं. हल्ली त्यासाठी मोबाइल वेळेवर वाजतो. अर्थांतर म्हणजे भलतीकडे घसरणं. पार्किंगवरून गणपतीची वर्गणी. टीव्हीवरचे प्रवक्ते तर जाहिराती लागायच्या आत निम्मी यादी संपवतात, आणि जिंकल्याच्या थाटात कॉलर नीट करतात.

सगळ्यात बेरकी जागा पर्यनुयोज्योपेक्षण. (नाव उच्चारेपर्यंत सभा संपते.) समोरचा हरलाय, तरी तसं न म्हणणाराही हरतो. मग ही चूक दाखवायची कुणी? न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन हे काम सभेवर सोपवतो.

आमची सभा तेव्हा समोसे आले का, ते बघत होती. टाकीचं बिल एकमताने मंजूर झालं.