चार मीटरला पाच मिलिमीटर कमी

जगात बहुतेक ठिकाणी गाडीची लांबी ती बनवणारे ठरवतात. आपल्याकडे ती अर्थमंत्री ठरवतात. २००६ च्या अर्थसंकल्पात पी. चिदंबरम यांनी छोट्या गाडीवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ वर आणलं आणि छोटी म्हणजे नेमकी किती, हेही सांगून टाकलं: लांबी ४००० मिलिमीटरपर्यंत, इंजिन पेट्रोलचं असेल तर १२०० सीसीपर्यंत, डिझेलचं असेल तर १५०० पर्यंत. तेव्हापासून देशातले हुशार इंजिनिअर टेप घेऊन गाडीच्या मागे उभे आहेत.

मागेच का, तर आपल्याला डिकी हवी असते. पाठीमागे डिकी नसलेली गाडी आपल्याकडच्या सासऱ्यांना अर्धवट वाटते. मग सरकारला छोटी आणि सासऱ्यांना मोठी दिसेल अशी गाडी बनवणं आलं. २००८ मध्ये टाटांनी इंडिगो सीएस आणली. सीएस म्हणजे कॉम्पॅक्ट सेडान. त्याच वर्षी आलेली मारुतीची डिझायर तेव्हा ४१६० मिलिमीटर होती, म्हणजे कराच्या दृष्टीने श्रीमंत. २०१२ मध्ये तिला शहाणपण सुचलं आणि ती ३९९५ ची झाली. साडेसहा इंच गेले आणि ते मागूनच गेले, कारण पुढे इंजिन असतं. आज डिझायर, अमेझ, ऑरा या तिघींचीही लांबी ३९९५ आहे. पाच मिलिमीटर राखून ठेवलेत ते बहुधा उन्हात पत्रा फुगला तर असावेत म्हणून. एका जर्मन कंपनीने तर २०१६ मध्ये फक्त भारतासाठी आमिओ नावाची गाडी चाकणला बनवली. लांबी सांगायला नकोच. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले, छोटीला १८ टक्के आणि मोठीला ४० टक्के झाले, पण ४००० चा आकडा जागचा हलला नाही. सरकारं आली-गेली, चार मीटर मात्र चारच मीटर राहिले.

अशी गाडी विकत घ्यायची आमची ऐपत नाही असं नाही. आमच्या सोसायटीच्या पार्किंगची नाही. म्हणून कोल्हापूरला मेहुण्याचं लग्न निघालं तेव्हा भाड्याची, स्वतः चालवायची गाडी बघू लागलो. हॅचबॅक स्वस्त पडत होती. पण बरोबर आत्या होत्या. ‘लग्नाला डबा घेऊन जाणार का?’ एवढंच त्या म्हणाल्या. सेडान ठरली, डिझायर.

गाडी चकचकीत पांढरी होती. डिकी उघडली तर आत सीएनजीचा सिलेंडर आडवा पसरलेला. जाहिरातीत या गाडीच्या डिकीची ३८२ लिटर जागा सांगतात आणि ते खोटं नाही. सिलेंडर ५५ लिटरचा सांगतात, तेही खोटं नाही. ३८२ मधून ५५ गेले की उरतं काय, एवढंच शाळेतल्या वजाबाकीने निघत नाही. उरते ती एक फट. तिच्यात शबनम पिशवी आणि आहेराचं पाकीट राहतं. टाटांनी २०२३ पासून मोठ्या सिलेंडरऐवजी ३० लिटरचे दोन छोटे सिलेंडर डिकीच्या तळाशी बसवायला सुरुवात केली, म्हणजे हे दुःख कोणाला तरी कळलं आहे. आमच्यापर्यंत ती गाडी आली नव्हती. तेव्हा ज्या डिकीसाठी सेडान घेतली, ती सिलेंडरला देऊन शालूची बॅग बायकोच्या मांडीवर आणि फराळाचा डबा आत्यांच्या मांडीवर, अशी वरात निघाली.

सीएनजीची दुसरी गंमत पंपावर कळते. भरताना सगळ्यांनी खाली उतरायचं असतं. सेडानची सीट मुळात खाली असते, त्यातून गुडघेदुखी असलेल्या माणसाने बाहेर येणं हा स्वतंत्र कार्यक्रम आहे. आत्यांनी तो प्रत्येक पंपावर, रांगेतल्या रिक्षावाल्यांच्या साक्षीने पार पाडला.

आता पाटीबद्दल. आपल्याकडे गाड्यांनाही वर्ण आहेत. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे मालक. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे टॅक्सी. हिरव्या पाटीवर पांढरी म्हणजे विजेवर चालणारी, पर्यावरणाची काळजी असलेली माणसं. आणि काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं म्हणजे भाड्याने घेऊन स्वतः चालवायची गाडी. १९८९ च्या केंद्र सरकारच्या योजनेतून हा धंदा रीतसर सुरू झाला, आणि परवाना हवा तर पदरी निदान ५० गाड्या असाव्यात अशी अट त्यात आहे. एवढी जुनी व्यवस्था, पण आपल्या समाजाने काळी-पिवळी एवढंच वाचायला शिकून घेतलंय. पांढरी सेडान, पाटीत कुठेतरी पिवळं, पुढे एकटा पुरुष, मागे दोन बायका. निष्कर्ष काढायला कोणी थांबत नाही. वाशीच्या पुलाआधी सिग्नलला एका गृहस्थाने खिडकीवर टकटक करून ‘पनवेल किती घेणार?’ असं विचारलं. बायकोने मागून तत्परतेने दर सांगितला.

गाडी चालवायला कशी आहे, हे सांगायला हवं. क्लच इतका हलका की पाय ठेवल्याचं पायाला कळत नाही. स्टिअरिंग एका बोटाने फिरतं. एसी गार करतो, तोही पटकन. शहरात ही गाडी म्हणजे सुखच. द्रुतगती मार्गावर आलो आणि ८० वर तिने मान टाकली. भाड्याच्या आणि टॅक्सीच्या बऱ्याच गाड्यांना ताशी ८० चा लगाम घातलेला असतो, तसा हिलाही होता. कारला तिथे १०० ची परवानगी आहे, घाटात ६० ची. आमच्यापुढे कंटेनर, त्याचा वेग ७५. त्याला मागे टाकायचं तर फरक ताशी पाच किलोमीटरचा, म्हणजे माणूस भरभर चालतो तेवढा. त्या हिशेबाने कंटेनर ओलांडायला निदान अर्धा किलोमीटर लागतो. तेवढा वेळ आम्ही आणि कंटेनरचा ड्रायव्हर शेजारी शेजारी, एकमेकांकडे बघत, आणि मागून कुठल्यातरी भावी आमदाराची फॉर्च्युनर दिवे मारतेय. टोल तिचाही ३२० आणि आमचाही ३२०. लगामाचा एक फायदा मान्य करायला हवा: २०२४ पासून त्या रस्त्यावर कॅमेरे लागलेत आणि त्यांना आमच्याबद्दल काहीही सापडलं नसणार.

खंबाटकीत पाच माणसांच्या वजनाने (आमच्यातले दोघे साताऱ्याला चढायचे होते, पण आत्या त्यांच्याही वाटणीच्या होत्या) सीएनजीवर गाडीने दम खाल्ला. बटण दाबून पेट्रोलवर घेतली तेव्हा वर आली. पुढे गावागावांचे स्पीडब्रेकर. ही गाडी जमिनीपासून १६३ मिलिमीटर उंच, पण ते रिकामी असताना. भरल्यावर प्रत्येक उंचवट्याला खालून खर्रर्र आवाज यायचा आणि मागून आत्या ‘गेली’ म्हणायच्या. साताऱ्याच्या दोघांनी शेवटी एसटीने येतो असं कळवलं, ते शहाणे.

कोल्हापूरला कार्यालयाच्या दारात सगळ्यांना उतरवलं. वॉचमनने पाटी पाहिली, मला पाहिलं आणि म्हणाला, ‘गाडी मागं लावा. ड्रायव्हर लोकांचं जेवण पण मागंच हाय.’ मी खुलासा करायला तोंड उघडलं, तेवढ्यात पुढच्या बाजूला बुफेची रांग दिसली. हातात ताट घेतलेले दोनशे पाहुणे, आणि पहिल्याच टेबलापाशी प्रत्येकाला ‘ओळखलंत का?’ विचारणारा मुलीचा काका. मी गाडी मागे लावली.

मागे सतरंजीवर पंगत होती. पान मांडलेलं, वाढपी फिरत होते, भात वाफाळलेला आणि आमटी मागाल तेवढी. शेजारच्याने विचारलं, ‘कुठली गाडी, भावा?’

‘ठाण्याची.’

‘मालक कसा हाय?’

मागच्या सीटवरच्या आत्या डोळ्यांपुढे आल्या. म्हटलं, ‘बऱ्या आहेत. बोलतात फार.’

‘बोलूंदे की. जेवायला विचारत्यात न्हवं?’

त्यानंतर या गाडीबद्दल जे ऐकलं, ते कुठल्याही परीक्षणात वाचलेलं नाही. वाहन-पत्रकार गाडी एक दिवस चालवतो आणि डॅशबोर्डचं प्लास्टिक दाबून बघतो. ही माणसं दिवसाला बारा तास तिच्यात बसतात. एकाची गाडी दोन लाख किलोमीटरच्या पुढे गेली होती. त्याच्या मते कंबर सीटमुळे दुखत नाही, ॲपवाल्यांच्या कमिशनमुळे दुखते. दुसऱ्याने सांगितलं की आरसा फुटला तर निपाणीपासून नाशिकपर्यंत कुठेही तासाभरात मिळतो, हाच हिचा मोठेपणा. तिसरा डिकीवर बोलला. ‘गिऱ्हाईक विमानतळावरनं तीन बॅगा घेऊन येतंय, आणि सिलेंडर दिसला की माझ्यावरच डाफरतंय. म्या काय घरनं आणलाय व्हय?’ सेडान घ्यायची डिकीसाठी, परवडायला लावायचा सिलेंडर, आणि शिव्या खायच्या चालवणाऱ्याने. ही सगळी साखळी त्या माणसाने भात कालवता कालवता मांडली. अर्थसंकल्पाच्या भाषणात हे कुठे नव्हतं.

मी काही परत हॉलमध्ये गेलो नाही.

गाडी परत देण्याचा सोहळा मात्र वेगळाच. ताब्यात घेतली ती पहाटे, तळघरात, जेमतेम एका ट्यूबलाइटखाली. तेव्हा तिथला मुलगा म्हणाला होता, ‘किरकोळ ओरखडे आहेत सर, त्याचं काही मनावर घेऊ नका.’ परत देताना तोच मुलगा मोबाइलची बॅटरी लावून गाडीभोवती वाकून फिरला. त्याच्याकडे प्रत्येक ओरखड्याची नोंद, सातबाऱ्यावर फेरफार असावेत तशी: कोणाच्या काळात कुठला पडला, कोणी किती भरले, आणि कोणाचं नाव अजून लागायचं आहे. मागच्या बंपरचा कोपरा जरासा आत गेलेला निघाला. निघतानाच्या आमच्या व्हिडिओत तो अंधारात होता. मी म्हटलं, बंपर बाहेर आला असता तर गोष्ट वेगळी. आत गेल्याने गाडी चार मीटरपेक्षा आणखी कमी झाली, करसवलतीच्या दृष्टीने सुधारलीच. तो हसला नाही. त्याने कोपऱ्याचा फोटो काढला.

डिपॉझिट सात कामकाजाच्या दिवसांत जमा होतं, असं पावतीवर छापलेलं आहे. बंपर वजा करून.

तेव्हा लग्नसराईत तुम्हीही निघणार असाल तर गाडी उजेडात ताब्यात घ्या, सही करण्याआधी डिकी उघडा, आणि पाटी काळ्यावर पिवळीच असल्याची खात्री करा. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कोणी दोनशे रुपये कमी करून देऊ केली, गोव्यात तर हमखास कोणीतरी करतं, तर घेऊ नका. ते बेकायदा आहे, आणि अपघात झालाच तर विमा कंपनीला हात झटकायला तेवढं कारण पुरतं.